डिझेलच्या टाकीत बुरशी आणि जिवाणू होऊ नयेत म्हणून: पाणी काढण्यापासून औषध टाकण्यापर्यंत

डिझेल इंजिनचा नेहमी 400-500 तास चालणारा इंधन फिल्टर अचानक 60-70 तासांत चोक व्हायला लागतो. उघडून पाहिलं तर कागदाच्या घड्यांवर काळपट तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर दिसतो. नवा फिल्टर बसवला तर आठवड्यात पुन्हा तेच. बहुतेक जण इथे डिझेल पुरवणाऱ्याला दोष देतात. कधी तो दोषी असतोही, पण बऱ्याचदा मामला आपल्याच टाकीच्या तळाशी असतो.

या थराला सर्रास ‘डिझेलमधलं शेवाळ’ म्हणतात. ते शेवाळ नव्हे. शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत अंधार असतो. इथे राहतात बुरशी, यीस्ट आणि जिवाणू. त्यातली सगळ्यांत कुप्रसिद्ध बुरशी म्हणजे हॉर्मोकोनिस रेझिनी. तिचं जुनं नाव क्लॅडोस्पोरियम रेझिनी, आणि विमानांच्या इंधनातल्या उपद्रवामुळे ‘केरोसीन बुरशी’ या नावानेही ती ओळखली जाते. जोडीला स्यूडोमोनास गटातले जिवाणू असतात. गाळ जाड झाला आणि त्याच्या तळाशी प्राणवायू उरला नाही की सल्फेटवर जगणारे जिवाणूही येतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो यांच्यामुळे.

हे सगळे जीव राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. कोरड्या डिझेलमध्ये त्यांचे बीजाणू नुसते पडून राहतात, वाढत नाहीत. तळाशी पाण्याचा पातळ पापुद्रा जमला तरी पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवर वसाहत सुरू होते. खाली पाणी, वर अन्न, आणि 15 ते 35 अंश सेल्सिअस तापमान मिळालं की काम झालं. बीजाणू हवेतून, डिझेलबरोबर, होजपाइपच्या तोंडावरून येतच राहणार. ते अडवणं आपल्या हातात नाही, पाणी अडवणं आहे. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण पाण्याबद्दल आहे आणि औषधाचा नंबर बराच खाली लागतो.

नुकसान नेमकं काय होतं

फिल्टर चोक होणं हा फक्त दिसणारा भाग. हे जीव सेंद्रिय आम्लं सोडतात. टाकीच्या तळाचा पत्रा आतून ठिपक्याठिपक्यांनी खायला लागतो आणि नेमक्या पाण्याच्या रेषेवर भोकं पडतात. बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे गळती सुरू होईपर्यंत पत्ता लागत नाही. दुसरा त्रास फसवा आहे. साबणासारखं वागणारे काही पदार्थही हे जीव तयार करतात. त्यामुळे डिझेल आणि पाणी यांच्यामधली स्वच्छ रेषा जाऊन तिथे मळकट, फाटक्या चिंधीसारखा थर तयार होतो. पाण्याचे थेंब एकत्र येऊन खाली बसत नाहीत आणि वॉटर सेपरेटर नवा असूनही पाणी वेगळं करू शकत नाही. मग तेच पाणी इंजेक्टरपर्यंत जातं. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एका सामायिक नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात, दाब 1600 बारच्या वर असतो. तिथे पाण्याचा बारीक थेंबसुद्धा नोझल आणि पंपाच्या घासणाऱ्या भागांना महागात पडतो.

जैवडिझेल मिसळलेल्या इंधनात हा धोका वाढतो. युरोपच्या ईएन 590 मानकाप्रमाणे डिझेलमध्ये 7 टक्क्यांपर्यंत जैवडिझेल चालतं. जैवडिझेल शुद्ध खनिज डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी विरघळवून धरतं आणि जिवाणूंना पचायलाही सोपं असतं. मिश्रणाचं प्रमाण जितकं जास्त, तितका साठवणुकीचा काळ कमी ठेवा.

पाणी येतं कुठून

सगळा दोष टाकीच्या ‘घामा’ला, म्हणजे दमट हवेतून टाकीत जमणाऱ्या पाण्याला, दिला जातो. थोडा हिशेब करून पाहू. 5000 लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे, म्हणजे आत 2500 लिटर हवा. दिवस-रात्रीत आतल्या हवेचं तापमान 15 अंशांनी बदललं तर साधारण 5 टक्के, म्हणजे 125 लिटर हवा बाहेर जाते आणि तेवढीच आत येते. 25 अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. तिचं सगळ्याचं आत पाणी झालं तरी रोजचे 3 ग्रॅम, महिन्याला फार तर 90 ग्रॅम होतात. प्रत्यक्षात याच्या बरंच खाली.

दुसरी वाट विरघळलेल्या पाण्याची. गरम डिझेल जास्त पाणी धरतं आणि थंड झालं की जास्तीचं सोडून देतं. भरताना गरम असलेलं 5000 लिटर डिझेल रात्रीत निवलं आणि त्याने 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग) पाणी सोडलं, तर 4200 किलोंमागे सुमारे 126 ग्रॅम पाणी तळाला गेलं. पुरवठादाराचं डिझेल मानकात बसणारं असतानाही हे घडतं. ईएन 590 मध्ये पाण्याची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे. प्रत्येक भरणीबरोबर हे पाणी येतंच.

तिसरी वाट पावसाची, आणि तिच्यापुढे पहिल्या दोन किरकोळ वाटतात. जमिनीखालच्या टाकीच्या भरण्याच्या तोंडाभोवती सांडलेलं डिझेल धरायला एक वाटीसारखा खड्डा असतो. त्याचा व्यास 40 सेंटिमीटर असेल आणि 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यात 6 लिटरहून जास्त पाणी साठतं. त्या खड्ड्याच्या तळाशी टाकीत उघडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डिझेल भरायला आलेला माणूस घाईत तो दाबतो आणि सगळं पाणी टाकीत सोडून मोकळा होतो. वर्षभराच्या घामाने जेवढं पाणी येणार नाही तेवढं एका दाबात. या खड्ड्यातलं पाणी हातपंपाने किंवा शोषक कापडाने बाहेरच काढायचं, असा नियम टाकीजवळ रंगाने लिहून ठेवा.

आधी टाकी दुरुस्त करा

झाकणापासून सुरुवात करा. भरण्याच्या झाकणाचं गॅस्केट नायट्राइल रबराचं हवं. साधं रबर डिझेलने फुगतं आणि नंतर चिरतं. गॅस्केटला भेगा किंवा चपटा झालेला भाग दिसला तर लगेच बदला. वरच्या बाजूचे न वापरलेले सॉकेट, गेजची बूच, मॅनहोलचे बोल्ट एकेक करून तपासा. टाकीच्या माथ्यावर पाणी साचत असेल तर तो पत्रा खोलगट झाला आहे असं समजा. तिथला कुठलाही सांधा पुढेमागे पाणी आत घेणारच.

टाकीतली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या व्हेंट पाइपचं तोंड खाली वळलेलं हवं, त्यावर जाळी हवी, आणि ते छपरावरून पडणाऱ्या धारेपासून लांब हवं. दमट हवेत किंवा समुद्राजवळ असलेल्या साठवणीच्या टाकीला सिलिका जेलचा ब्रीदर (आत येणारी हवा कोरडी करणारी डबी) लावणं फायद्याचं ठरतं. त्यातले दाणे ओलावा शोषतात आणि रंग बदलतात: निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे, प्रकारानुसार. मात्र दाणे रंग बदलूनही महिनोन्‌महिने तसेच राहणार असतील तर ब्रीदर लावून उपयोग नाही. शिवाय डिझेल भरताना हवा पटकन बाहेर पडावी लागते. ब्रीदरची क्षमता भरण्याच्या वेगाला पुरेशी आहे ना, हे आधी पाहा, नाहीतर टाकीवर दाब येईल.

टाकीला उतार हवा. भरण्याचं तोंड ज्या टोकाला आहे त्याच्या समोरच्या टोकाला तळ सर्वांत खाली असावा. मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर उतार पुरतो. त्या खालच्या टोकाला ड्रेन कॉक, म्हणजे तळाचं पाणी काढायची तोटी, हवा. जमिनीखालच्या टाकीत कॉक लावता येत नाही, म्हणून तळापर्यंत जाणारी शोषनळी ठेवतात. इंजिनला जाणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून निदान 5 ते 7 सेंटिमीटर वर असावं. खूप खाली असेल तर गाळ ओढला जातो. खूप वर असेल तर गाळ कायम आतच राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

टाकी आतून गॅल्व्हनाइज्ड नको आणि पाइप तांब्याचे नकोत. जस्त आणि तांबे डिझेलबरोबर चिकट साबणासारखे पदार्थ तयार करतात आणि डिझेल लवकर खराब करतात. साधं पोलाद, स्टेनलेस स्टील किंवा इंधनासाठीच बनवलेलं प्लास्टिक चालतं. उन्हातल्या टाकीवर पांढरा रंग आणि वर सावली करा. तापमानातला चढउतार कमी झाला की टाकीचा श्वास, म्हणजे हवेची आत-बाहेर, कमी आणि सुटणारं पाणीही कमी.

साठवणीची टाकी शक्यतो भरलेली ठेवा, पण काठोकाठ नको. 15 अंश तापमानवाढीने 1000 लिटर डिझेल साधारण 12 लिटरने फुगतं. 95 टक्क्यांवर थांबा.

पाणी काढण्याची रीत

डिझेल भरल्या भरल्या ड्रेन करण्यात अर्थ नाही. पाण्याच्या थेंबांना खाली बसायला वेळ लागतो आणि तो थेंबाच्या आकारावर ठरतो. 100 मायक्रॉनचा थेंब डिझेलमधून 1 मीटर खाली यायला तासभर घेतो. 10 मायक्रॉनच्या थेंबाला तेवढंच अंतर जायला सुमारे 4 दिवस लागतात. म्हणून भरल्यानंतर निदान 24 तास थांबून पहिला ड्रेन करा आणि आठवड्याने दुसरा. पुरवठ्याचा टँकर येण्याआधीही एकदा ड्रेन करा. नाहीतर नव्या डिझेलच्या धारेने तळाचं पाणी आणि गाळ ढवळून निघतो आणि पुढचे दोन-तीन दिवस इंजिनला तोच मिळतो.

1. टाकी शांत असताना, म्हणजे पंप आणि इंजिनकडून टाकीत परतणारा प्रवाह बंद ठेवून, कॉकखाली पारदर्शक काचेची बरणी धरा. प्लास्टिकच्या बादलीत काय आलं ते कळत नाही.

2. कॉक अर्धाच उघडा. एकदम पूर्ण उघडला तर तळाशी भोवरा होतो, मधोमध डिझेल खेचलं जातं आणि कडेचं पाणी मागे राहतं.

3. पाइपमध्ये साचलेलं पहिलं अर्धा-एक लिटर वेगळं ठेवा. त्यावरून टाकीचा अंदाज बांधू नका.

4. पुढची बरणी 10 मिनिटं स्थिर ठेवा. पाणी तळाला दिसेल. पाणी येणं थांबेपर्यंत काढत राहा आणि त्यानंतर आणखी एक लिटर काढा.

5. कॉक बंद करून त्यावर बूच घट्ट लावा. कॉक गळला तर बुचामुळे डिझेल वाया जाणार नाही.

6. तारीख, पाणी किती निघालं, रंग, वास लिहून ठेवा.

ही वही फार उपयोगी पडते. आठवड्याला 50 मिलिलिटर निघणारं पाणी अचानक 2 लिटर झालं तर घाम वाढलेला नाही, कुठला तरी सांधा उघडा पडला आहे.

कॉक नसलेल्या टाकीत पाणी किती आहे ते डिपस्टिक आणि वॉटर फाइंडिंग पेस्टने कळतं. काठीच्या खालच्या 10 सेंटिमीटरवर पेस्टचा पातळ थर लावा, काठी सरळ तळाला टेकवून सुमारे अर्धा मिनिट धरा आणि बाहेर काढा. पाण्यात बुडालेल्या भागाचा रंग बदललेला दिसेल. नेमका रंग आणि वेळ ट्यूबवर लिहिलेली असते. रंग सलग न बदलता ठिपके पडले तर पाणी आणि डिझेलचं मिश्रण झालं आहे, म्हणजे मघाचा चिंधीसारखा थर तिथे आहे. काठी एकाच तोंडातून टाकू नका. टाकी थोडी कललेली असेल तर एका टोकाला कोरडं आणि दुसऱ्या टोकाला 3 सेंटिमीटर पाणी असू शकतं.

उंचीवरून लिटर काढताना टाकीचा आकार लक्षात घ्या. सपाट तळाच्या 2 मीटर गुणिले 1 मीटर टाकीत 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 2 लिटर. आडव्या नळकांडी टाकीत तळ अरुंद असतो: 1.2 मीटर व्यास आणि 2.5 मीटर लांबीच्या टाकीत 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर.

डोळ्यांनी आणि नाकाने ओळखणं

तळातून काढलेल्या बरणीतलं चांगलं डिझेल स्वच्छ आणि चकचकीत दिसतं. बरणी गोल फिरवून भोवरा करा. भोवऱ्याच्या टोकाला कण जमतात. ते नसतील आणि बरणीमागे धरलेला छापील मजकूर वाचता येत असेल तर ठीक. डिझेल धुरकट दिसलं पण उन्हात ठेवल्यावर स्वच्छ झालं तर विरघळलेलं पाणी सुटत होतं किंवा थंडीने मेण धरलं होतं. गरम होऊनही धुरकटच राहिलं तर पाणी मिसळलेलं आहे.

काळा फिल्टर म्हणजे बुरशीच, असं मात्र नाही. जुनं होत आलेलं डिझेल, विशेषतः इंजिनमधून गरम होऊन वारंवार टाकीत परतणारं, डांबरासारखे काळे कण तयार करतं. थर बोटांत चोळून पाहा, हातमोजा घालून. बुळबुळीत, चामड्याच्या तुकड्यासारखा ताणणारा, दोरे सुटणारा असेल तर जिवंत गाळ. शाईसारखा काळा, गुळगुळीत पण न ताणणारा आणि झायलीनमध्ये टाकल्यावर विरघळून रंग सोडणारा असेल तर डांबरी पदार्थ. खरखरीत आणि भांड्याच्या तळाशी लगेच बसणारा असेल तर गंज. थंडीतच चोक होऊन ऊब मिळाल्यावर मोकळा होत असेल तर मेण. चारही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत. मेणावर आणि डांबरावर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं आणि धोका फुकट ओढवून घेणं.

शंका असेल तर चाचणी करा. नमुना तळातून, पाणी असेल तर पाण्यासकट घ्या. वरच्या स्वच्छ डिझेलचा नमुना नेहमीच चांगला येतो आणि फसवतो. कॉकचं तोंड 70 टक्के अल्कोहोलने पुसा, थोडं डिझेल सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत घ्या. बाटली पूर्ण भरू नका. थंड जागी, पण न गोठवता ठेवा आणि 24 तासांच्या आत चाचणी सुरू करा.

तीन प्रकारच्या चाचण्या साइटवर करता येतात. एटीपी चाचणी जिवंत पेशींमधला एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू मोजते आणि काही मिनिटांत आकडा देते. तिचं मानक एएसटीएम डी 7687. पट्टीवर रेघ उमटवणारी प्रतिपिंड चाचणी पाव तासात कमी-मध्यम-जास्त असं सांगते. तिसरी जेलमध्ये किंवा डिप स्लाइडवर (पोषक थर असलेल्या, नमुन्यात बुडवायच्या पट्टीवर) जीव वाढवून मोजण्याची. तिला सुमारे 4 दिवस लागतात, पण जिवंत आणि वाढू शकणारे किती ते तिच्यातच दिसतं. कोणतीही निवडा, पण दर वेळी तीच चाचणी, त्याच जागेचा नमुना. एका आकड्यापेक्षा तीन-चार महिन्यांचा कल जास्त सांगतो.

औषध कधी आणि कसं

चाचणीत जीव निघाले किंवा गाळ डोळ्यांनी दिसला तरच जंतुनाशक वापरा. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून दर वेळी थोडंथोडं टाकायची सवय वाईट आहे. कमी मात्रेत नाजूक जीव मरतात, चिवट उरतात आणि पुढे तीच मात्रा चालत नाही. अपवाद एवढाच: महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या साठ्यात, टाकी आधी स्वच्छ असेल तर, लेबलवर दिलेल्या देखभाल मात्रेत.

इंधनासाठीच बनवलेलं, डिझेल आणि पाणी दोन्हींत काम करणारं औषध घ्या. त्यांत साधारणपणे ऑक्साझोलिडीन, आयसोथायाझोलिनोन, मॉर्फोलीन किंवा बोरॉनची संयुगं असतात. ‘गाळ विरघळवणारं’ किंवा ‘पाणी शोषून टाकणारं’ ॲडिटिव्ह म्हणजे जंतुनाशक नव्हे. पाणी डिझेलमध्ये घुसळून इंजिनमार्गे जाळून टाकायची कल्पना कॉमन रेल इंजिनात तर अजिबात नको. ब्लीच, फिनाइल, भांड्यांचा साबण हे घरगुती उपायही नकोत: क्लोरीन पत्रा खातं आणि साबण पाणी-डिझेल एकजीव करतो. पाइपवर बसवायच्या चुंबकांवर विसंबून राहू नका. चुंबकाने तळाचं पाणी जात नाही.

मात्रा काढताना घाई नको. मापात चूक झाली तर काय होतं याचं उदाहरण विमानांच्या इंधनातलं आहे. 26 फेब्रुवारी 2020 रोजी लंडनच्या गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए321 विमानाच्या इंजिनांत उड्डाणानंतर लगेच बिघाड झाला आणि ते परत उतरवावं लागलं. टाक्यांत जंतुनाशक टाकताना पीपीएमचा हिशेब चुकला होता आणि ठरलेल्या मात्रेच्या सुमारे 38 पट औषध गेलं होतं.

हिशेब असा करा. आकारमानाने 1 पीपीएम म्हणजे 1000 लिटरमागे 1 मिलिलिटर. लेबलवर 200 पीपीएम आकारमानाने लिहिलं असेल तर 5000 लिटर डिझेलला 1000 मिलिलिटर, म्हणजे 1 लिटर. तेच 200 पीपीएम वजनाने असेल तर 5000 लिटरचं वजन सुमारे 4200 किलो धरून 840 ग्रॅम. 1:4000 असं प्रमाण लिहिलं असेल तर 1.25 लिटर. हिशेब कागदावर लिहा आणि दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे करून घ्या. टाकीत किती डिझेल आहे ते प्रत्यक्ष मोजूनच ठरवा, टाकीच्या पाटीवरच्या क्षमतेवरून नव्हे.

आता क्रम. आधी पाणी जितकं काढता येईल तितकं काढा. पाणी शिल्लक असेल तर औषधाचा मोठा वाटा त्यात जातो आणि डिझेलमधली मात्रा घसरते. नंतर टाकीत साधारण निम्मं डिझेल असताना औषध टाका आणि उरलेलं डिझेल त्यावर भरा, म्हणजे आपोआप मिसळेल. तसं शक्य नसेल तर पंपाने टाकीतलं डिझेल फिरवत ठेवून औषध हळूहळू सोडा. नुसतं वरून ओतून सोडलं तर ते एका कोपऱ्यात बसतं. रोजच्या वापराची छोटी टाकी आणि पाइपही विसरू नका. औषधी डिझेल पाइपमधून फिल्टरपर्यंत ओढून मग थांबा. अर्धवट प्रक्रिया झालेल्या पाइपमधून पुन्हा लागण होते. औषधाला लेबलवर दिलेला वेळ द्या. बहुधा 24 ते 72 तास लागतात. त्या काळात इंजिन चालवायचं की नाही हे लेबल आणि इंजिन उत्पादक सांगेल तसं.

नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन घाला. आयसोथायाझोलिनोनचे थेंब त्वचेवर पडले तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी कधीच भरू नका.

पुढचा टप्पा बहुतेक जण विसरतात. मेलेला थर भिंतींवरून सुटून मोठ्या प्रमाणात फिल्टरकडे येतो. औषधानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फिल्टर एरवीपेक्षा जास्त वेगाने चोक होतात. फिल्टरचे किमान तीन-चार जास्तीचे संच हाताशी ठेवूनच औषध टाका. ज्या जनरेटरवर माणसांचे जीव अवलंबून आहेत त्याच्या टाकीवर हा प्रयोग पर्यायी इंधनाची सोय केल्याशिवाय करू नका. आठवड्याने पुन्हा चाचणी घ्या.

साफसफाई आणि डिझेल फिरवून गाळणं

गाळ जाड असेल तर औषध त्याच्या आतल्या थरापर्यंत पोचत नाही. मग यंत्राने साफ करण्याला पर्याय नाही. डिझेल गाळून दुसऱ्या स्वच्छ टाकीत घ्या, तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढा, भिंती रबरी खरवडणीने आणि दाबाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आणि पत्र्याची जाडी मोजून घ्या.

टाकीत माणूस उतरवण्याची वेळ आली तर ते प्रशिक्षित आणि परवानगी घेतलेल्या पथकाचंच काम. आत प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली नको, ज्वालाग्राही वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी हवी, हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू) मोजलेला हवा. हा वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून ‘वास गेला’ म्हणजे सुरक्षित असं नाही. बाहेर एक माणूस कायम उभा हवा.

डिझेल टाकीतून काढून, 10 मायक्रॉनचा पाणी वेगळा करणारा फिल्टर आणि मग 2-3 मायक्रॉनचा फिल्टर यातून गाळून परत सोडणं हा देखभालीचा चांगला मार्ग आहे. शोषनळी सगळ्यांत खालच्या टोकाला, परतीची नळी विरुद्ध टोकाला. दोन्ही एकाच बाजूला ठेवल्या तर तेच डिझेल गोलगोल फिरतं. 5000 लिटरच्या टाकीला मिनिटाला 20 लिटर वेगाने एक फेरी पूर्ण व्हायला 4 तास 10 मिनिटं लागतात. पण एका फेरीत सगळं डिझेल गाळलं जात नाही, कारण गाळलेलं उरलेल्यात मिसळत राहतं. आतलं मिश्रण सतत एकसारखं होतं असं धरलं तर एका फेरीत सुमारे 63 टक्के, तिसरीत 95 आणि पाचवीत 99 टक्के डिझेल निदान एकदा फिल्टरमधून जातं. म्हणून 3 ते 5 फेऱ्या करा. तरीही भिंतीला चिकटलेला थर या पद्धतीने निघत नाही आणि तळाचं पाणीही सगळं निघत नाही.

वेळापत्रक कोणत्या टाकीला कसं

रोज डिझेल जाणारी टाकी तुलनेने सुरक्षित असते, कारण साठा नवा होत राहतो. तिथे आठवड्याला ड्रेन, महिन्याला पेस्ट, आणि फिल्टर किती तासांनी चोक झाला याची नोंद पुरते. वाहन किंवा यंत्राच्या वॉटर सेपरेटरची वाटी रोज सुरू करण्याआधी पाहा. पाणी दिसत असेल तर काढा. खरी काळजी आणीबाणीच्या जनरेटरच्या टाकीची. तो जनरेटर वर्षातून काही तासच चालतो, डिझेल 6 ते 12 महिने बसून राहतं आणि गरज पडते तेव्हा फिल्टर बदलायला वेळ नसतो. तिथे महिन्याला ड्रेन, तीन महिन्यांनी तळाच्या नमुन्याची जंतुचाचणी, सहा महिन्यांनी 3 फेऱ्या गाळणी आणि वर्षातून एकदा प्रयोगशाळेत डिझेलची पूर्ण तपासणी करा. पावसाळ्यात ड्रेनची पाळी दुप्पट करा. हंगामात चालणारी यंत्रं आणि बोटी बंद ठेवताना आधी टाकी 95 टक्के भरा, 24 तासांनी ड्रेन करा, मग झाकणं आणि व्हेंट तपासा. सुरू करताना पहिल्या दिवशी पुन्हा ड्रेन करूनच चावी फिरवा.

काढलेलं पाणी गटारात, मातीत किंवा बोटीतून समुद्रात ओतू नका. त्यात डिझेल असतं, आणि औषध टाकलेलं असेल तर तेही. झाकणाच्या ड्रममध्ये, ‘डिझेलमिश्रित पाणी’ अशी चिठ्ठी लावून साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या. तेलकट चिंध्या आणि वापरलेले फिल्टर वेगळ्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. औषधाच्या दिवसांत निघालेलं पाणी आधीच्या ड्रममध्ये मिसळू नका. त्या ड्रमवर औषधाचं नाव आणि मात्रा लिहा, कारण कचरा घेणाऱ्याला ती माहिती लागते.